मशीनचा इसार थांबव, आधी बाटलीत माती घाल

काका,
मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावचा. वय २३. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढं बेळगावात सिव्हिलचा डिप्लोमा. दोन वर्षं गोव्यात एका साइटवर सुपरवायझर आहे. महिन्याला १७ हजार मिळतात, त्यातले सहा-सात खोली आणि खाणावळीत जातात. बाबा गवंडी. तीस वर्षं थापी हातात आहे.

आम्ही मंडळातली पाच पोरं आहोत. एक आयटीआय इलेक्ट्रिशियन, एक सुतारकाम करतो, दोघं मिळेल ते काम करतात, पाचवा मी. गावातच काहीतरी सुरू करावं असं चाललंय. एका एजंटानं मातीच्या विटा दाबून काढायचं मशीन दाखवलंय, किंमत साडेअकरा लाख. हा हरित उद्योग आहे, ३५ टक्के पैसे सरकार परत देतं, बेळगावात विटा पुरणार नाहीत, असं तो सांगतो. महिनाअखेरपर्यंत ५० हजार इसार मागतोय. आमच्याकडं पाच जणांचे मिळून तीन लाख आहेत. दुसरीकडं पुण्यात 'ग्रीन बिल्डिंग'चा तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी ४५ हजार, नोकरीची हमी देतात.

बाबांना दोन्ही पटत नाही. म्हणतात, "मातीच्या घरात कोण ऱ्हातंय आता? २०१९ला तुझ्या आत्तीचं घर पडलं ते मातीचंच न्हवं काय?" शिवाय सगळे फॉर्म कन्नडमध्ये, मला अक्षरं लागतात पण अर्थ लागत नाही. यातलं काय करू? आणि असलं काम आपल्या भागात खरंच आहे का, की नुसता पेपरातला शब्द?
गवंड्याचा मुलगा

चिरंजीव,

इसार देऊ नकोस. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण एवढं आजच पाचही जणांना सांग.

कारण सांगतो. एजंट ज्या ३५ टक्क्यांबद्दल बोलतो ती बहुधा पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना असावी. योजना खरी आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान त्यात आहे. पण ते पैसे तुमच्या हातात पडत नाहीत. बँक आधी कर्ज मंजूर करते, अनुदान तुमच्या नावानं तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं आणि उद्योग चालू दिसला तर नंतर कर्जात वळतं होतं. म्हणजे आधी मंजुरी, मग मशीन. आणि हे अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं. इसार देऊन, उसनवारी करून मशीन आधी दारात आणलं आणि मग फॉर्म भरायला गेलात, तर बँकेचा साहेब काय म्हणेल ते मी सांगायला नको. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो, त्याला मधला माणूस लागत नाही. ज्याला महिनाअखेरची एवढी घाई आहे, त्याची घाई तुमच्यासाठी नाही.

आता बाबांचं. ते अर्धे बरोबर आहेत, आणि जे अर्धं बरोबर आहे ते आपल्या कामाचं आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा तिन्ही एकदम चढल्या. खानापूरपासून चिक्कोडी-अथणीपर्यंत किती घरं बसली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. मीही तेव्हा काही गावं फिरलो. पडलेल्या भिंती बघत गेलं की एक गोष्ट सारखी दिसायची. भिंत खालून गेलेली होती. दगडाचं जोतं नाही, असलं तर वीतभर. माती मातीतच सांधलेली. पाणी दोन-तीन दिवस पायाशी थांबलं आणि कच्ची भिंत चिखल होऊन खाली बसली. त्याच गल्लीत कमरेएवढं जांभ्याचं जोतं असलेलं मातीचं घर मी उभं पाहिलंय, भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली, पण उभं. शेजारी सिमेंटचं घर होतं, खालचा भराव वाहून गेल्यामुळं एका कोपऱ्यात खचलेलं. म्हणून तुझ्या आत्तीच्या घराचा दोष मातीवर टाकण्याआधी जोत्याला विचारायला हवं. पण हे तू बाबांना वाद घालून पटवू नकोस. तीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला डिप्लोमावाल्या पोरानं शिकवलेलं आवडत नाही. माझ्या वडिलांनाही आवडलं नव्हतं.

एजंट दाखवतोय ती वीट म्हणजे काय जादू नव्हे. चाळलेल्या मातीत साधारण पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचं, ओलसर असतानाच यंत्रात दाबायचं, भट्टीत न भाजता सावलीत रचून तीन-चार आठवडे पाणी मारायचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचा गट सुरू झाला, खेड्यांसाठी तंत्रज्ञान शोधायला. त्यांनी हातानं दाबायच्या यंत्रावर आणि या विटांवर वर्षानुवर्षं काम केलं. बेंगळुरूत अशा विटांची घरं कितीतरी आहेत, आणि पावसात ती विरघळलेली नाहीत. वस्तू चांगली आहे. माझी हरकत मशीनच्या आकाराला आहे.

हिशेब कर. तुमच्या बाजूला सहाशे चौरस फुटांचं घर धर. भिंतीचं क्षेत्र, दारं-खिडक्या वजा करून, ९० चौरस मीटरच्या आसपास. एका चौरस मीटरला अशा ३८-४० विटा. म्हणजे घराला साडेतीन हजार विटा. साधं हातानं दाबायचं यंत्र आणि सरावलेली सहा-सात जणांची टोळी असेल तर दिवसाला पाच-सहाशे विटा निघतात. आठवड्यात घर निघालं! आता सांग, तुमच्या पाच-दहा गावांत मिळून महिन्याला अशी किती घरं बांधली जातात, आणि त्यातले किती जण पहिल्या वर्षी मातीची वीट घेतील? साडेअकरा लाखांचं मशीन एका घराच्या विटा दोन-तीन दिवसांत काढेल आणि बाकीचा महिना ताडपत्रीखाली बसेल. हप्ता मात्र थांबणार नाही. त्यात जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जांबोटी-कणकुंबीकडं कपडे वाळत नाहीत, तिथं विटा कशा वाळणार? वर्षातले चार महिने गेलेच म्हणून धरा.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीही असंच एक यंत्र आणलं होतं, माझं लहान होतं म्हणून वाचलो. येळ्ळूर शिवाराकडच्या एका ओळखीच्या शेतातली माती घेतली, कारण ती जवळ होती आणि फुकट होती. काळी माती. विटा काढल्या तेव्हा देखण्या दिसल्या. त्यातून एकाच्या कंपाउंडची भिंत बांधली. पहिल्या उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या, पावसाळ्यात ती फुगली आणि पुढच्या उन्हाळ्यात मी ती स्वतःच्या खर्चानं पाडून दिली. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. ती भातासाठी सोनं आहे, पण पाच टक्के सिमेंटला ती जुमानत नाही. चुन्यानं तिला थोडं वळण लावता येतं, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि विचारावं असंही वाटलं नव्हतं. तुमच्याकडची तांबडी, जांभ्याची माती या कामाला पुष्कळ बरी. पण "बरी आहे" हे मी इथं बसून म्हणतोय. तू बघून म्हण.

बघायची पद्धत सोपी आहे. वरची दीड-दोन फूट माती बाजूला काढ, ती शेतीची आहे आणि त्यात मुळं-पालापाचोळा असतो. खालची घे. सरळ बाजूंच्या पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत भर, पाणी घाल, चिमूटभर मीठ टाक, खळखळून हलव, तासाभरानं पुन्हा हलव आणि दिवसभर हात लावू नकोस. खडे आणि वाळू मिनिटभरात तळाला बसतात, त्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. खालचा थर साधारण दोन तृतीयांश आणि वरची चिकण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर त्या मातीशी पुढं बोलता येईल. तीन-चार जागची माती घेऊन कर. आणि एक सांगतो, तुमच्या बाजूला निम्मं रान वनखात्याचं आहे, भीमगड अभयारण्य लागून आहे. कुठंही कुदळ घालायच्या आधी जागा कुणाची आणि माती काढायला काय परवाना लागतो ते तहसीलमध्ये विचार.

आता तुझा खरा प्रश्न, असलं काम आपल्याकडं आहे का. आहे. पण 'हरित' या नावानं त्याला गिऱ्हाईक नाही. जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड माणूस हवेत सोडतो त्यातला साधारण ७ ते ८ टक्के सिमेंटमुळं जातो. हे मी गेल्या वर्षी एका घरमालकाला सांगितलं. तो म्हणाला, "असंल ओ, पण माझा स्लॅब गळतोय त्याचं काय?" मी त्या दिवसापासून कार्बन सोडला आणि गळतीबद्दल बोलायला लागलो. आपल्या माणसाला गळती बंद करून हवी, उकाडा कमी करून हवा, खर्च वाचवून हवा. त्यात सिमेंट कमी लागलं, भट्टीचं लाकूड वाचलं, तर ते तुमच्या टोळीच्या कामाचं आणि माझ्या समाधानाचं. पाटीवर लिहायची गरज नाही.

म्हणून मशीनऐवजी तुमच्या पाच जणांच्या हातात आज काय आहे त्यावरून बघू.

पहिलं, शाकारणी. खानापूर तालुक्यात अजून कौलारू घरं भरपूर आहेत आणि कौलं परतणारी माणसं संपत चालली. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये लोक माणसासाठी हिंडतात, मग कंटाळून एक दिवस कौलं उतरवतात आणि पत्रा घालतात. पत्र्याखाली मे महिन्यात झोपून बघ. पाच जणांची टोळी, वेळेवर येणारी, किती कौलं फुटली, किती वासे बदलले याचा कागदावर हिशेब देणारी, असं कुणी निघालं तर पहिल्या मोसमात काम कमी पडणार नाही. कुजलेल्या वाशांच्या जागी लोखंडी पाइप घालायचा असेल तर वेल्डर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिळतो. एक सक्त ताकीद: जुना सिमेंटचा, अॅस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर तो कोरडा कापायचा नाही, फोडायचा नाही, भोकं पाडायची नाहीत. त्याची धूळ फुफ्फुसात जाते आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊन उठते. भिजवून, मास्क लावून, अख्खा उतरवायचा. आणि छपरावर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा. गोव्याच्या साइटवर सेफ्टीवाला शिट्टी वाजवतो तेव्हा तुम्ही हसत असाल. गावात शिट्टी वाजवणारा कुणी नसतो.

दुसरं मला जास्त आवडतं, कारण त्याकडं कुणी धंदा म्हणून बघत नाही. बेळगावात शहापूर घे, जुन्या गल्ल्या घे, वाडे पडतायत आणि तिथं अपार्टमेंट उठतायत. जेसीबी येतो, दोन दिवसांत सगळं सपाट. त्या ढिगाऱ्यात काय काय जातं! सागवानी खांब, तुळया, नक्षीची दारं, घडीव दगड, एकाच मापाची हजारभर कौलं. काही जाणते जुना माल घेणारे आधी येऊन दारं-खांब उचलतात, बाकीचं मातीत. हेच घर हातानं, वरून खाली, उलट्या क्रमानं सोडवलं तर निम्म्याहून जास्त माल पुन्हा कामाला येतो. तुमच्यात सुतार आहे. त्याला लाकूड बघून कळेल कुठं वाळवी लागलीय आणि कुठं नुसता रंग उडालाय. मालकाशी बोलणं असं करायचं की पाडकामाचे पैसे जेसीबीपेक्षा कमी घेऊ, पण माल आमचा. जागा लागेल माल ठेवायला, ती गावात फुकट आहे. अडचण वेळेची: बिल्डरला उद्या जागा रिकामी हवी असते आणि तुम्हाला तीन आठवडे लागतात. म्हणून बिल्डरकडं नको, स्वतः राहायला घर बांधणाऱ्या मालकाकडं जा. त्याला आजीच्या वेळचं दार नव्या घराला लावायचं असतं, फक्त लावून देणारा कुणी भेटत नाही.

त्या कौलांचा आणखी एक उपयोग आहे. स्लॅबच्या तळाच्या बाजूचं, सळ्यांच्या मधलं काँक्रीट भार फारसा पेलत नाही, ते नुसतं वजन असतं. तिथं जुनी कौलं, एकावर एक दोन, मध्ये हवा राहील अशी ठेवून ओतकाम केलं की काँक्रीट वाचतं आणि खोलीही थोडी गार राहते. याला फिलर स्लॅब म्हणतात. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात अशा स्लॅबची आणि 'रॅट ट्रॅप' बांधणीची कितीतरी घरं बांधली. या बांधणीत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात, भिंत नऊ इंचीच राहते पण आत पोकळी पडते. विटा साधारण चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. मशीन शून्य रुपयांचं, लागतो फक्त गवंड्याचा हात. तुझ्या बाबांना हे दोन दिवसांत जमेल. कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या कडा भरीव ठेवाव्या लागतात, वायरिंगचे पाइप कुठून जाणार ते भिंत चढायच्या आधी ठरवावं लागतं (तुमचा इलेक्ट्रिशियन तिथं पहिल्या दिवसापासून हवा), आणि विटा एका मापाच्या हव्यात. भट्टीवर उभं राहून निवडून घ्या, ट्रॅक्टर रिकामा झाल्यावर भांडून उपयोग नाही. फिलर स्लॅबचं सळीकाम मात्र इंजिनिअरच्या सहीनंच. डिप्लोमा झाला म्हणून त्याचं ड्रॉइंग तू काढू नकोस.

पाण्याचं काम थोडक्यात. बेळगाव हे विहिरींचं गाव. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी अध्यक्ष होते, त्या वेळी खोदलेली टिळकवाडीतली विहीर अजून आहे. लोकांनी नळ आला तसा विहिरींत कचरा टाकला. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरला तर १ लाख लिटर पाणी पडतं, आणि तुमच्याकडं पाऊस याहून पुष्कळ जास्त. पन्हाळ, पाइप, खडी-वाळूचा गाळणी-खड्डा आणि तिथून विहिरीत. एका घराचं काम तीन-चार दिवसांचं. ज्याची बोअर एप्रिलमध्ये आटते तो पैसे देतो, बाकीच्यांना भाषण देऊ नका.

सोलरबद्दल तू लिहिलं नाहीस, पण तुमच्यातल्या आयटीआयवाल्यासाठी सांगतो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छतावर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला मिळून ७८ हजार अनुदान मिळतं. फोटोत छान दिसतं. पण आपल्या कर्नाटकात राज्याच्या गृहज्योती योजनेमुळं महिन्याला २०० युनिटपर्यंत बहुतेक घरांचं बिल शून्य येतं. ज्याचं बिलच शून्य तो लाखभर रुपये छतावर कशाला टाकेल? म्हणून गावात घरोघरी सोलर विकत फिरू नये. दुकानं, दूध संकलन, शाळा, उद्यमबाग-मच्छेचे छोटे कारखाने, जिथं बिल दुखतं, तिथं काम आहे. त्यानं आधी सोलर बसवायचं 'सूर्यमित्र' प्रशिक्षण घ्यावं आणि एखाद्या नोंदणीकृत सोलरवाल्याच्या हाताखाली वर्षभर फिटिंग करावं. पॅनेल बसवणारे पुष्कळ झालेत, दोन वर्षांनी तक्रार आली की फोन उचलणारा सापडत नाही. तो धंदा करावा.

साखर कारखान्यांची राख, फौंड्रीची टाकाऊ वाळू यातून विटा-पेव्हर करायच्या गोष्टी कुणीतरी तुमच्या कानावर घालेलच. होतं त्यातून, पण प्रत्येक लॉट तपासायला प्रयोगशाळा लागते. तीन लाखांत तो नाद नको.

पुण्याचा कोर्स. जिथं 'नोकरीची हमी' असं लिहिलेलं असतं, तिथं मागच्या बॅचच्या पाच जणांचे फोन नंबर मागायचे. दिले तर विचार करू. मोठ्या शहरात हरित इमारतींचं मानांकन, ऊर्जेचे हिशेब, कागदपत्रं करणारी माणसं लागतात, हे खरं. पण ती कामं तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर मिळत नाहीत. तुला मनापासून तिकडं जायचं असेल तर डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा, देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घे, विश्वेश्वरय्या विद्यापीठ तर आपल्या मच्छेलाच बसलंय. तो रस्ता कमी दर्जाचा नाही. फक्त तो गावातल्या पाच पोरांचा रस्ता नाही, तुझ्या एकट्याचा आहे. हे स्वतःशी स्पष्ट करून घे, कारण तुझ्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात बसलेत आणि मला वाटतं ते तुझ्याही लक्षात आलेलं नाही.

बाबांच्या नावानं एक करता येईल. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत, त्यात राजमिस्त्री, म्हणजे गवंडी, आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, म्हणून तुझ्या घरातून नाव बाबांचं जाऊ दे, सुताराचं त्याच्या घरातून. शिवाय वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. ती तुम्ही पाचही जणांनी करा, उद्या छपरावरून कुणी घसरला तर घरच्यांना काहीतरी आधार राहील. राहून-खाऊन फुकट शिकवणारी, बँकेनं चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार संस्था तुम्हाला हल्याळला आहे. खानापूरहून लांब नाही. शिकवणं कन्नडमध्ये.

आता त्या कन्नडचं बोलतो, जरा हळू आवाजात. आपल्या भागात हा विषय काढला की घरात दोन तट पडतात. मी मराठी शाळेत शिकलो, मराठीत लिहितो, १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनी, आमच्या घरी चूल पेटत नसे. तरी तिशीत असताना बैलहोंगलचा एक सेंट्रिंगवाला माझ्याकडं होता, त्याच्याकडून मी रोज जेवणाच्या सुट्टीत वीस शब्द याप्रमाणे कन्नड वाचायला शिकलो. बदल्यात त्यानं माझ्याकडून माप काढायला शिकून घेतलं. पंचायतीचं अंदाजपत्रक, टेंडर, बँकेचा करार, वीज मंडळाचं पत्र, ही चार कागदं ज्याला वाचता येत नाहीत त्याला मधला माणूस ठेवावा लागतो, आणि मधला माणूस टक्का घेतो. तुम्हा पाचांत एकानं तरी सहा महिन्यांत हे वाचायला शिकायचं. तुला अक्षरं लागतात, म्हणजे अर्धी वाट झाली, तूच शिक.

पैशाचं असं करा. तीन लाखांतले दीड लाख हलवायचे नाहीत, ते पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी. उरलेल्यातून शिड्या, पट्टे, हेल्मेट, चांगली ड्रिल, लेव्हल, ताडपत्री. बँकेत टोळीच्या नावानं वेगळं खातं आणि एक वही. मजुरी रोजची ठरलेली, तू सुपरवायझर होतास म्हणून तुला जास्त नाही, नफा वर्षाअखेर. मंडळाचा गणपती आणि टोळीचा हिशेब यांची गाठ कधीही घालायची नाही, वर्गणीसाठीसुद्धा नाही. पाच मित्रांचं जे काही फिसकटतं ते इथंच फिसकटतं.

आणि तू गोव्याची नोकरी लगेच सोडू नकोस. फेब्रुवारीत सोड. मार्च ते मे शाकारणीचा मोसम बघ, पावसाळ्यात प्रशिक्षणं घ्या, दिवाळीनंतर बांधकामं सुरू होतात तेव्हा तुमच्याकडं दाखवायला काहीतरी असेल. पहिली रॅट ट्रॅपची भिंत गिऱ्हाइकाच्या घरावर शिकू नका. तुमच्या घरामागं गोठा असेलच. त्याची एक भिंत पडायला आलेली असेलच, सगळ्यांची असते. ती पाडून बाबांच्या हातानं नवी बांधा, तुम्ही चौघं-पाच जण हाताखाली. शेजारी-पाजारी येऊन भोकातून आत बघतील, नावं ठेवतील, मग किती विटा लागल्या ते विचारतील. तिथून तुमचं पहिलं काम येईल असं मला वाटतं, पण मी याआधीही चुकलोय.

दाबलेल्या मातीच्या विटांचं दार मी बंद करत नाही. बाटल्यांतली माती चांगली निघाली आणि दुसऱ्या वर्षी तीन घरमालक तोंडानं नव्हे, आगाऊ पैसे देऊन मागायला आले, तर हातानं दाबायचं जुनं यंत्र बघू. तेव्हा मला कळव.

तोपर्यंत बाटल्यांचे फोटो पाठव, प्रत्येकीवर जागेचं नाव लिहून. आणि बाबांना माझ्यातर्फे विचार, त्यांच्या गुरूच्या वेळी जांभ्याची भिंत चुन्यात बांधायचे तेव्हा चुना किती दिवस भिजत ठेवायचे, आणि त्यात गूळ घालायचे की हिरड्याचं पाणी? बेळगावातल्या दोन म्हाताऱ्या गवंड्यांनी मला दोन वेगळी उत्तरं दिलीत. तिसरं हवंय.